विसराळू कोण ?

घरांतील एखादी वस्तु जाग्यावर सांपडली नाहीं, कीं पहिला संशय घरांतील सर्वांत वृद्ध माणसावर जातो. किल्ली असो, विजेचें बिल असो, कीं देवघरांतील काडेपेटी असो. "त्यांनींच कोठें तरी ठेवली असेल, आतां आठवत नसेल," असें आपण सहज बोलून जातों. या बोलण्याचा समोरच्या माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत असाच एक प्रसंग घडला. हरवलेली वस्तु या वेळीं हातांत धरतां येईल अशी नव्हती. ती संगणकाच्या पोटांत होती. ती कोणी टाकून दिली याचा शोध लागेपर्यंत एका निरपराध माणसाचा स्वतःच्या स्मरणशक्तीवरील विश्वास मात्र दोन महिने डळमळला. तो वृत्तान्त आणि त्यांतून आम्हांस मिळालेली माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण एका संगणकावर अनेकांचें काम चालतें, अशीं घरें अद्यापि पुष्कळ आहेत.

आमचें घर जळोचीस आहे. बारामतीस लागून असलेलें हें गांव आतां तेथील नगरपरिषदेच्या हद्दींत मोडतें. भाजीपाल्याच्या उपबाजाराची वर्दळ, कालव्याच्या पाण्यावरची शेती, आणि दोहोंच्या मध्यें वर चढत चाललेल्या नव्या इमारती, असें त्याचें सध्यांचें रूप आहे. आमच्या घरांत तीन पिढ्यांचीं मिळून नऊ माणसें नांदतात. मोबाइल ज्याचा त्याचा असला तरी मोठ्या पडद्याचा संगणक एकच, आणि तो माजघरांत ठेवलेला. मोबाइलवरील बारीक अक्षरें डोळ्यांना झेपत नसल्यामुळें आमच्या थोरल्या काकूंचें सारें वाचन व पत्रव्यवहार या संगणकावरच चालतो. काकू प्राथमिक शाळेंतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. मोरोपंतांनीं आपल्या आयुष्याचा मोठा काळ बारामतींत घालविला. त्यांच्या आर्या काकूंना लहानपणापासून मुखोद्गत आहेत, आणि आजही एखादी आर्या अर्ध्यावर सोडली तर उरलेले चरण त्या न अडखळतां पुरे करतात.

अशा काकू एके दिवशीं संगणकापुढें हताश होऊन बसलेल्या आम्हांस दिसल्या. त्यांची ई-मेलची पेटी उघडत नव्हती. काल उघडलेली पेटी आज पुन्हां नांव विचारीत होती, परवलीचा शब्द मागत होती, आणि तो दिल्यावरही समाधान न पावतां मोबाइलवर आलेला सहा आंकड्यांचा संकेत मागत होती. हा संकेत जाई पुण्यास, त्यांच्या चिरंजिवांच्या मोबाइलवर. कारण कांहीं वर्षांपूर्वीं ती पेटी त्यांनींच आईसाठीं उघडून दिली होती आणि स्वतःचा क्रमांक तेथें नोंदविला होता. चिरंजीव कचेरींत कामांत. फोन लागावा, त्यांनीं संकेत सांगावा, तोंपर्यंत त्याची मुदत संपावी, असा क्रम रोज चालूं लागला. परदेशीं असलेल्या नातीचें पत्र आलें आहे हें माहीत असूनही तें वाचावयास मिळण्यासाठीं काकूंना दुपारच्या सुट्टीची वाट पाहावी लागे.

पुढें व्हावयाचें तें झालें. आपण शब्दच चुकीचा लिहीत असूं, असें वाटून काकूंनीं एका महिन्यांत तीनदां परवलीचा शब्द बदलला. मग जुना कोणता आणि नवा कोणता याचा खरोखरच गोंधळ झाला. तो गोंधळ होऊं नये म्हणून त्यांनीं तिन्ही शब्द संगणकाशेजारच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत लिहून ठेवले. म्हणजे घरांत येणाऱ्याजाणाऱ्या कोणासही ते वाचतां यावेत. इकडे स्वयंपाकघरांत हलक्या आवाजांत बोलणीं सुरू झालीं : "काकूंना हल्लीं विसर पडूं लागला आहे, एकदां डॉक्टरांना दाखवावें." आम्हींही त्या बोलण्यास मान डोलाविली, हें येथें कबूल केलें पाहिजे. काकूंच्या कानांवर तें गेलेंच असावें. कारण त्यानंतर त्यांनीं संगणकापुढें बसणेंच सोडलें, आणि संध्याकाळीं त्या आर्या पुटपुटत स्वतःचीच परीक्षा घेतांना दिसूं लागल्या.

हें दृश्य आम्हांस पाहवेना. विजेचें बिल भरण्यासाठीं आम्ही स्वतः संगणकापुढें बसलों, तेव्हां त्या संकेतस्थळानें आम्हांसही ओळख विचारली. वर्तमानपत्राचें संकेतस्थळ उघडलें; तेंही आम्हांस ओळखीना. तेव्हां कोठें डोक्यांत प्रकाश पडला, कीं विसर काकूंना पडलेला नसून संगणकास पडलेला आहे. मग आम्हीं या विषयाची रीतसर माहिती मिळविली. ती थोडक्यांत अशी.

ज्या पद्धतीनें आपला संगणक दूरच्या संकेतस्थळाशीं बोलतो, ती मुळांतच स्मृतिहीन आहे. आपण एक पान मागावें, त्यानें तें द्यावें, आणि व्यवहार तेथेंच संपावा. दुसरें पान मागावयास गेलों, तर पहिलें मागणारा तो हाच, हें त्यास ठाऊक नसतें. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ नंतरच्या दोन वर्षांत जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत ही पद्धत आंखली, तेव्हां संशोधकांनीं एकमेकांचे लेख वाचावे एवढाच हेतु होता, आणि लेख वाचणाराची ओळख ठेवण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु लवकरच या मार्गानें खरेदीविक्री सुरू होण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. दुकानांत गिऱ्हाइकानें एक जिन्नस उचलावा आणि दुसरा उचलतांना दुकानदारानें पहिला विसरावा, असें असेल तर व्यापार चालावा कसा ? ही अडचण १९९४ सालीं अमेरिकेंतील नेटस्केप या कंपनींत काम करणाऱ्या लू मॉन्टुली या तरुणानें सोडविली. संकेतस्थळानें भेटीस आलेल्या ब्राउझरच्या हातीं एक लहानशी चिठ्ठी द्यावी, आणि ब्राउझरनें पुढच्या प्रत्येक भेटींत ती दाखवावी, अशी त्याची युक्ति होती. अशा खुणेच्या चिठ्ठीस संगणकशास्त्रज्ञांच्या बोलींत पूर्वींपासूनच 'मॅजिक कुकी' म्हणत; त्यावरून या चिठ्ठीचें नांव 'कुकी' असें पडलें. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें, त्याच्या आधींच ही चिठ्ठी वापरांत आली होती.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांस हा व्यवहार निराळा समजावून सांगावयास नको. पाण्यासाठीं आपण सात नंबरचा अर्ज भरतों, तो मंजूर होतो, आणि आपल्या हातीं पास येतो. पाळीच्या वेळीं पाटकरी आपला संबंध इतिहास विचारीत बसत नाहीं; पास पाहतो, आपल्याजवळच्या नोंदीशीं ताडतो, आणि पाणी सोडतो. कुकीही अशीच असते. तींत बहुधा आपला परवलीचा शब्द नसतो. असतो तो एक लांबलचक, अर्थहीन दिसणारा क्रमांक, ती कोणत्या स्थळाची आहे याची नोंद, आणि तिची मुदत. तोच क्रमांक संकेतस्थळाच्या वहींतही असतो. दोन्ही जुळले, कीं दार उघडतें. आपण "लॉगिन राहिलें" असें म्हणतों, त्याचा अर्थ एवढाच, कीं पास आपल्याजवळ आहे आणि त्याची नोंदही कायम आहे.

हें ध्यानांत आलें म्हणजे ब्राउझर ओळख विसरतो याचीं कारणें शोधणें फारसें कठीण राहत नाहीं. चिठ्ठी तीन ठिकाणीं नाहींशी होऊं शकते.

पहिलें ठिकाण म्हणजे ती दिली जाते तेथेंच. कांहीं चिठ्ठ्यांवर मुदत घातलेली नसते; ब्राउझर मिटला कीं त्या आपोआप रद्द होतात. 'मला लक्षांत ठेवा' किंवा 'या संगणकावर विश्वास ठेवा' अशा अर्थाच्या चौकटींत खूण न केल्यास पुष्कळ स्थळें असली अल्पायुषी चिठ्ठीच देतात. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून काम केलें, तर मुदतीची चिठ्ठीसुद्धां ती खिडकी मिटतांच नष्ट होते. त्या खिडकीचा हेतूच तो आहे.

दुसरें ठिकाण म्हणजे आपलें घर. चिठ्ठी नीट मिळालेली असते, पण घरांतच कोणी तरी ती केरांत टाकतो. हा 'कोणी तरी' ब्राउझर स्वतः असूं शकतो; कारण फायरफॉक्स, क्रोम इत्यादि ब्राउझरांत बंद होतांना सर्व कुकी पुसून टाकण्याची सोय असते, आणि ती एकदां चालू केली कीं तो इमानें इतबारें रोज पुसतो. जागा मोकळी करण्यासाठीं बसविलेला एखादा साफसफाईचा प्रोग्रॅम, फाजील दक्ष असलेला विषाणुनाशक प्रोग्रॅम, किंवा ब्राउझरला जोडलेलें एखादें उपांगही हेंच काम करतें. क्वचित् प्रसंगीं ज्या फाइलींत कुकी साठवितात तीच बिघडलेली असते. संगणकाचें घड्याळ पुष्कळ पुढें गेलेलें असल्यास चांगल्या चिठ्ठ्याही मुदत संपलेल्या ठरतात. जुन्या संगणकांतील घड्याळाची लहान बॅटरी संपली, कीं तारीख वेळ चुकणें हा प्रकार नेहमींचा आहे.

तिसरें ठिकाण म्हणजे संकेतस्थळाची वही. चिठ्ठी आपल्याजवळ शाबूत असते, पण तेथील नोंद खोडलेली असते. परवलीचा शब्द बदलला, कीं बहुतेक ठिकाणीं पूर्वींच्या नोंदी रद्द होतात. बँकांचीं स्थळें तर कांहीं मिनिटें काम थांबलें, कीं मुद्दामच ओळख विसरतात. तो दोष नसून आपल्या पैशांची राखण आहे. क्रोमनें २०२२ सालापासून कोणत्याही कुकीचें आयुष्य जास्तींत जास्त ४०० दिवसांचें ठरविलें आहे. तेव्हां वर्षसव्वावर्षानें एखाद्या स्थळानें पुन्हां ओळख विचारली, तर कोणावर संशय घेण्याचें कारण नाहीं.

या तिहींपैकीं आपलें दुखणें कोणतें, हें ओळखण्यास दोन साध्या परीक्षा पुरतात, आणि आम्हीं त्या त्याच रात्रीं केल्या. तीन निरनिराळ्या स्थळांवर आम्हीं प्रवेश केला. प्रत्येक ठिकाणीं लक्षांत ठेवण्याच्या चौकटींत खूण केली. मग केवळ ब्राउझर बंद करून पुन्हां उघडला. तिन्ही स्थळांनीं आम्हांस ओळखलें. याचा अर्थ चिठ्ठ्या मिळत होत्या, आणि ब्राउझर त्या टाकीत नव्हता. नंतर आम्हीं संगणकच बंद करून पुन्हां चालू केला. तिन्ही स्थळें अनोळखी झालीं ! एकच स्थळ विसरलें असतें, तर दोष त्या स्थळाचा मानला असता. तिन्ही एकदम विसरलीं, तेव्हां चोर घरांतलाच होता, आणि तो संगणक चालू होण्याच्या सुमारास आपलें काम उरकीत होता.

संगणक सुरू होतांना जे प्रोग्रॅम आपोआप चालू होतात त्यांची यादी पाहिली, आणि चोर सांपडला. मे महिन्याच्या सुट्टींत आलेल्या काकूंच्याच नातवानें, संगणक मंद चालतो म्हणून, त्यांतील केरकचरा झाडणारा एक प्रोग्रॅम बसविला होता. रोज सकाळीं संगणक जागा होतांच तो झाडू घेऊन निघे, आणि केराबरोबर सर्व कुकीही झाडून नेई. मुलाचा हेतु चांगला होता. परंतु घरांतील रद्दी विकतांना देव्हाऱ्यामागें जपून ठेवलेल्या दस्तांचें पुडकेंही देऊन टाकावें, तसा हा प्रकार झाला. त्या प्रोग्रॅमच्या यादींत कुकीपुढें असलेली खूण आम्हीं काढून टाकली. दुसऱ्या दिवशीं काकूंनीं संगणक चालू केला, आणि त्यांची पेटी कांहींही न विचारतां उघडली.

आमच्या पहिल्या परीक्षेंतच ज्यांचा ब्राउझर नापास होईल, त्यांनीं ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें जाऊन गोपनीयतेचा विभाग उघडावा, आणि बंद होतांना कुकी व स्थळांची माहिती पुसावी अशा अर्थाची खूण असल्यास ती काढावी. फायरफॉक्सला इतिहास कधींच लक्षांत ठेवूं नये असें सांगितलें असेल, तर तो कायमचा खासगी खिडकीप्रमाणें वागतो; तेंही पाहावें. सर्व कांहीं पुसलें जावें पण चारदोन स्थळें मात्र राहावीं, अशी इच्छा असल्यास तेथेंच अपवादांची यादी करण्याची सोय आहे. जाहिरातदारांच्या कुकी अडविण्यास मात्र हरकत नाहीं. आपण ज्या स्थळावर गेलों त्याची कुकी निराळी, आणि त्या पानावर जाहिरात लावणाऱ्या तिऱ्हाइताची निराळी. दुसरीवांचून आपलें लॉगिन बहुधा अडत नाहीं. येवढें करूनही गुण न आल्यास उपांगें एकेक बंद करून पाहावीं, आणि शेवटीं ब्राउझरमध्यें नवें प्रोफाइल उघडून तेथें हीच परीक्षा घ्यावी. नव्या प्रोफाइलांत ओळख टिकली, तर जुन्याचीच साठवण बिघडली आहे असें समजावें. जुनें प्रोफाइल पुसण्यापूर्वीं त्यांतील खुणेचीं पानें व साठविलेले परवलीचे शब्द दुसरीकडे उतरून घेण्यास मात्र विसरूं नये. लक्षांत ठेवलेला परवलीचा शब्द आणि कुकी या दोन वस्तु निराळ्या आहेत. शब्द ब्राउझरजवळ शाबूत असतांनाही कुकी गेली कीं दारावर पुन्हां थांबावें लागतें.

दुरुस्ती एवढ्यावर संपली असें वाटेल. परंतु आमच्या मतें खरी दुरुस्ती यापुढेंच होती. काकूंच्या पेटीची किल्ली पुण्यास कां असावी ? केवळ सोयीसाठीं मुलानें आपला मोबाइल क्रमांक दिला, आणि त्या सोयीमुळें आईचें पत्र उघडण्याचा अधिकार नकळत मुलाच्या हातीं गेला. आम्हीं त्या जागीं काकूंचाच क्रमांक नोंदविला. अडचणीच्या वेळीं उपयोगी पडणारे राखीव संकेत कागदावर उतरून ते काकूंच्या कपाटांत ठेवले. दिनदर्शिकेवर लिहिलेले तिन्ही शब्द खोडले आणि पेटीस चौथा, नवा शब्द घातला. शब्द लिहून ठेवण्यास आमची हरकत नाहीं. तो कुलुपांत असावा, भिंतीवर नसावा.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट जपली पाहिजे. आमच्या संगणकावर नऊ माणसें एकाच नांवानें बसत होतीं. म्हणजे ब्राउझरनें ओळख ठेवली, तर ती नऊ जणांना मिळून एकाचीच ठेवली. ज्याच्या हातीं चिठ्ठी, तो आंत, हा कुकीचा न्याय आहे. चिठ्ठी दाखविणारा कोण, हें ती पाहत नाहीं. म्हणूनच लोकांच्या कुकी चोरून त्यांच्या खात्यांत शिरणारे लुच्चेही निपजले आहेत, आणि अनोळखी माणसानें पाठविलेला प्रोग्रॅम संगणकांत घेऊं नये असें जाणते लोक सांगतात तें उगाच नव्हे. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. आम्हीं आतां घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास संगणकावर स्वतंत्र नांव व स्वतंत्र परवलीचा शब्द दिला आहे. प्रत्येकाच्या चिठ्ठ्या आतां निरनिराळ्या कप्प्यांत राहतात. सुनेचें पत्र सासूपुढें उघडें पडत नाहीं, आणि मुलाच्या खेळाखालीं काकूंचें वाचन दडत नाहीं. परगांवीं दुसऱ्याच्या संगणकावर बसण्याची वेळ आली, तर खासगी खिडकी उघडावी, आणि काम होतांच स्वतः बाहेर पडून मगच उठावें. आपल्या घरीं स्मरण ठेवणें हा गुण, तर परक्या घरीं विसरणें हा गुण. ब्राउझरला दोन्ही येतात, फक्त कोठें काय करावयाचें हें आपण सांगावें लागतें.

राहिला प्रश्न आम्हां घरच्यांचा. काकूंना डॉक्टरांकडे न्यावें म्हणणारांत आम्ही होतों. तेव्हां क्षमा मागण्याचें कामही आमच्याकडेच आलें. नातवास फोनवरून सारी हकीकत कळली. तो ओशाळून म्हणाला, "आजी, चूक माझी होती, तूं कांहीं विसरली नव्हतीस." काकू हंसल्या. "मी विसरलें नव्हतें, हें आतां सर्वांना कळलें, तेवढें पुरे," त्या म्हणाल्या, "पण माझें वय झालें आहे, कधीं खरोखरही विसरेन. तेव्हां एवढेंच करा : आधीं संगणक तपासा, आणि मग मला."